होडीला रंग दिला, पण वासे कुणी बघितले?

मे महिना लागला की नदीकाठच्या गावांना ग्रामपंचायतीच्या फायबरच्या होडीची आठवण होते. वर्षभर ती शाळेच्या नाहीतर चावडीच्या मागे तोंड वर करून पडलेली असते. तालुक्यावरून पूरपूर्व तयारीची विचारणा येते. मग दोन डबे रंग आणला जातो, गावाचे नाव नव्याने लिहिले जाते, फोटो काढून वर पाठवला जातो आणि कागदावर ‘होडी सुस्थितीत’ असा शेरा पडतो. हा शेरा नेमका कशाच्या आधारावर पडतो, हे एकदा विचारून बघा. रंगाच्या आधारावर, दुसरे काय!

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी ग्रामपंचायतीची होडी उलटली आणि अख्खा जिल्हा हादरला. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात सापडली, सहा जण बुडाले. या होड्या आतून कुजलेल्या होत्या असे मला म्हणायचे नाही. एकीकडे जादा माणसे बसली होती, दुसरीकडे वारा होता. दोन्ही वेळा चर्चा झाली ती गर्दीची आणि लाईफ जॅकेटची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण होडीत किती माणसे बसवायची हा प्रश्न विचारताना त्या होडीत आता किती जीव उरला आहे, हेही विचारायला हवे. तो प्रश्न कुठेच दिसत नाही. २००५ च्या आणि २०१९ च्या पुरानंतर गावांना होड्या मिळाल्या, कुठे शासनाकडून तर कुठे देणगीतून. त्यातल्या जुन्या होड्यांचे वय मोजा. इतक्या वर्षांत लाकडी बैलगाडीची दोन चाके बदलून होतात. होडीचे मात्र काहीच बदललेले नसते.

फायबर म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. काचेच्या बारीक तंतूंची मॅट नाहीतर कापड, त्यात रेझिन भिजवून थरावर थर दिलेला पत्रा. तो कुजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. म्हणूनच लोक निर्धास्त असतात. पण होडीचा हा पत्रा पातळ असतो. नुसता पत्रा पाण्यावर सोडला तर लाटेसरशी तो सुपासारखा आतबाहेर होईल. घरावर सपाट पत्रा टाकला तर तो मधोमध झोळ खातो, पन्हळीचा पत्रा खात नाही. माल तोच असतो, फक्त पन्हळीने उंची आलेली असते. होडीतही हेच करतात. आत तळाला लांबीत आणि रुंदीत उंचवट्याच्या पट्ट्या बसवतात. कोकणातल्या लाकडी होडीला वाक असतात, त्यांचेच काम या पट्ट्या करतात. आपण त्यांना सरळ वासे म्हणू.

हे वासे भरीव फायबरचे केले तर माल फार लागतो आणि वजन वाढते. म्हणून आत लाकडाची पट्टी, प्लायवूड किंवा फोम ठेवतात आणि वरून फायबरचे थर चढवून कडा तळाशी जोडतात. आत फोम असेल तर तो फक्त आकारासाठी असतो, जोर सगळा वरच्या फायबरचा. लाकूड असेल तर मात्र कारागीर बहुतेक वेळा त्या लाकडावर विसंबतो आणि वरचा थर पातळ ठेवतो. जुन्या होड्यांत हा प्रकार बराच आढळतो. आतले लाकूड जोवर ठणठणीत, तोवर होडी ठणठणीत. लाकूड गेले की वर उरते ती पोकळ साल.

लाकूड जाते कसे? वरून तर फायबरचे कवच असते. पण त्या कवचाला आपणच भोके पाडतो. बसायची फळी बसवायला स्क्रू मारला, दोरी बांधायला हूक ठोकला, इंजिनाच्या बैठकीला बोल्ट मारले. तळातले पाणी एका खणातून दुसऱ्या खणात जावे म्हणून वाशाला भोक पाडले आणि भोकाची आतली कड रेझिनने माखलीच नाही. या प्रत्येक भोकातून पाणी थेंबाथेंबाने लाकडात शिरते, आणि शिरलेले पाणी बाहेर यायला वाट नसते, कारण बाकी सगळीकडून फायबरने कोंडलेले असते. ओलावा, थोडी हवा आणि उष्णता मिळाली की लाकडाला बुरशी धरते. यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ही बुरशी मंदावते, गोड्या पाण्यात जोमाने वाढते. म्हणजे रोज समुद्रात जाणाऱ्या होडीपेक्षा आपली चावडीमागे पावसाचे पाणी साठवून पडलेली होडी आतून लवकर कुजते. वापर नाही म्हणून ती नवी राहिली, हा समज अगदी उलटा आहे.

सगळ्यात आधी मरते ती मागची फळी, जिच्यावर ओबीएम म्हणजे बाहेरचे इंजिन लटकवतात. तिच्याही आत बहुतेक प्लायवूडच असते आणि इंजिनाचे बोल्ट तिच्यातून आरपार जातात. इंजिनाचे वजन आणि त्याचा धक्का दोन्ही ती एकटी सोसते. भर प्रवाहात ती फळी दाबली गेली तर इंजिन डगमगते, वल्ह्यांचा तर पत्ता नसतो, आणि मग होडी पाण्याच्या मर्जीवर. घर फिरले की घराचे वासेही फिरतात असे आपण म्हणतो. होडीत उलटे आहे. वासे आधी फिरतात, होडी मागून.

आता हे ओळखायचे कसे? त्यासाठी जिल्ह्याचा साहेब यायला नको. स्क्रूड्रायव्हरची मूठ नाहीतर लाकडी हातोडी घ्या आणि प्रत्येक वाशावर वीतभर अंतराने ठोकत चला. चांगल्या जागी आवाज टणक येतो. कुजलेल्या जागी तो बसका येतो, पिकलेल्या कलिंगडावर टिचकी मारावी तसा. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा. होडीत उभे राहून पायाने तळ दाबून बघा, खालीवर होतो का. वाशाची कड तळापासून सुटली आहे का, वाशाच्या टोकाशी पांढरट रेघा किंवा तडे आहेत का, हे बॅटरी लावून बघा. इंजिनाचे बोल्ट दर खेपेला आवळावे लागत असतील आणि वायसर आत रुतत असेल तर फळी गेलीच म्हणून समजा. आणखी एक साधी खूण म्हणजे वजन. पूर्वी सहा जणांनी उचलली जाणारी होडी आता दहा जणांना जड होत असेल, तर तिने पाणी प्यायले आहे.

शंका आली की शेवटचा निकाल बारीक ड्रिलने लावायचा. खडूच्या खुणेवर वाशाच्या बाजूने, तळाच्या जरा वर, फक्त लाकडापर्यंत भोक पाडा. तळाला आरपार जाऊ देऊ नका. कोरडा, फिकट भुसा आला तर लाकूड जिवंत आहे. काळपट, ओला, कुबट वासाचा लगदा आला किंवा पाणीच ठिबकले तर पुढे वाद घालायचे कारण नाही. भोक रेझिनच्या लगद्याने बुजवून टाका. या सगळ्या तपासणीला एक दुपार पुरते.

दोष सापडला की गावात दोन स्वस्त तोडगे सुचवले जातात. पहिला, वाशाला भोके पाडून आत पातळ रेझिन ओतायचे. ऐकायला बरे वाटते, पण ओले लाकूड रेझिन शोषतच नाही. रेझिन मोकळ्या जागेत साचते आणि कूज बाजूने चालूच राहते. दुसरा, कुजलेल्या वाशावरूनच मॅटचे दोन थर मारून रंग द्यायचा. हे तर मुरमाच्या भिंतीला संगमरवराचा गिलावा. त्यात वाईट असे की यानंतर ठोकून बघितले तरी दोष चटकन कळत नाही. या दोन्हींवर पंचायतीचा पैसा खर्च होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी दुरुस्ती म्हणजे वासा उघडणे. आधी होडी सपाट जागी घेऊन खाली तिच्या आकाराप्रमाणे लाकडी ठोकळे आणि वाळूची पोती लावून नीट टेकवायची. वासे कापल्यावर तळाला आधार नसतो. तो तेव्हा वाकला तर नवे वासे त्या वाकलेल्या आकारातच बसतील आणि होडी जन्मभर तिरकी चालेल. म्हणून सगळे वासेही एकदम कापायचे नाहीत, एकाआड एक घ्यायचे. ग्राइंडरने वाशाची वरची बाजू कापून काढायची, तळाला चिकटलेल्या कडा शाबूत असतील तर त्या दोन बोटे ठेवायच्या. आतला लगदा पटाशीने खरवडून काढायचा. कापलेला तुकडा फेकू नका. फायबरची जुनी जाडी किती होती, याचा पुरावा तोच आहे. नवे काम त्याहून पातळ होता कामा नये.

मग वाळवण. इथे घाई नडते. तळ आणि कडा पूर्ण कोरड्या व्हायला एप्रिल-मेच्या उन्हातही काही दिवस जातात. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर हे काम काढणे म्हणजे पैसे पाण्यात. दमट हवेत आणि ओल्या पृष्ठभागावर रेझिन नीट धरत नाही. म्हणून तपासणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, काम एप्रिलमध्ये, असा हिशेब ठेवा. ज्वारीची मळणी उरकली की होडीकडे वळायचे.

कोरडे झाल्यावर जिथे नवे फायबर चिकटणार ती सगळी जागा जाड पॉलिशपेपरने किंवा ग्राइंडरने घासून, रंग आणि चकाकी पूर्ण काढून खरखरीत करायची. जुन्या फायबरला नवे पॉलिएस्टर रेझिन मिसळून एकजीव होत नाही, ते फक्त खरखरीत पृष्ठभागाला धरते. त्यामुळे कारागिराने घासायचा कंटाळा केला तर बाकी सगळे चोख करूनही वासा दोन वर्षांत पापुद्र्यासारखा सुटतो. इपॉक्सी रेझिन जुन्या कामाला जास्त घट्ट धरते, पण महाग पडते. मागच्या फळीपुरते तरी ते वापरावे. मात्र नेहमीच्या सुट्या तंतूंच्या मॅटमधला डिंक पॉलिएस्टरसाठी केलेला असतो, इपॉक्सीत तो नीट विरघळत नाही. इपॉक्सीबरोबर विणलेले कापडच घ्यावे.

आत भरायला काय? प्लायवूड घ्यायचे तर ‘आयएस ७१०’ शिक्क्याचे मरीन प्लायच घ्या, साधे नको. गावात कुणीतरी म्हणेलच की घरचा जुना सागवान आहे, तो वापरू. सागवान उत्तम लाकूड खरे, पण त्याच्यातल्या तेलामुळे पॉलिएस्टर रेझिन त्याला नीट चिकटत नाही. थर्मोकोल तर मुळीच नको, पॉलिएस्टर रेझिन लागताच तो विरघळतो. होडीसाठी मिळणारा पीव्हीसी फोम चालतो, पण मघाशी सांगितले तसे मग सगळा जोर वरच्या फायबरवर येतो. थर वाढवावे लागतात. नवी पट्टी बसवण्यापूर्वी तिला सगळीकडून, विशेषतः कापलेल्या टोकांना, रेझिन पाजायचे. मग रेझिनच्या लगद्याच्या गादीवर ती टेकवायची, तळाला कोरडी घासू द्यायची नाही. वरच्या धारा गोल करायच्या आणि तळाशी कोपऱ्यात लगद्याने गोलाई द्यायची, कारण काचेची मॅट काटकोनात वळत नाही, तिथे हवा राहते. थर एकावर एक चढवताना प्रत्येकाची कड आधीच्यापेक्षा थोडी पुढे तळावर न्यायची. मॅट आणि विणलेले रोव्हिंग आलटून पालटून द्यायचे. प्रत्येक थर रोलरने दाबून बुडबुडे काढायचे. वाशाचे टोक एकदम तोडायचे नाही, उतरते करत तळात मिळवायचे. एकदम तुटलेल्या टोकापाशीच पुढे तडा जातो.

आपल्या भागात फायबरचे काम करणारे आहेत, पण ते ट्रकच्या केबिनचे, पाण्याच्या टाक्यांचे, गणपतीच्या आराशीचे. त्यांचा हात चांगला असतो, पण सवय नुसत्या मॅटची असते. होडीचा वासा वाकण्याचा जोर खातो, तिथे रोव्हिंग हवेच. जमले तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मासेमारीच्या गावातला होडीचा कारागीर आठवडाभर आणा आणि गावातली दोन पोरे त्याच्या हाताखाली द्या. पुढच्या वेळी बाहेरचा माणूस लागणार नाही.

बिलाचाही अंदाज सांगतो, म्हणजे अंदाजपत्रकावर डोळे झाकून सही होणार नाही. समजा वासा तीन मीटर लांब आहे आणि तळावरच्या कडा धरून त्याचा घेर चाळीस सेंटिमीटर आहे. म्हणजे एका थराला १.२ चौरस मीटर आणि चार थरांना ४.८ चौरस मीटर मॅट लागली. ४५० ग्रॅमची मॅट धरली तर सव्वादोन किलोच्या आत. हाताने काम करताना मॅटच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागते, म्हणजे पाच किलोच्या आसपास. असे पाच वासे असतील तर अकरा किलो मॅट आणि पंचवीस-सत्तावीस किलो रेझिन. रोव्हिंगला वजनाच्या मानाने रेझिन कमी लागते, लगद्याला आणि वाया जाण्याला थोडे वर धरा. कुणी शंभर किलो रेझिन लिहिले तर विचारा, आणि पाच किलोत पाच वासे करून देतो म्हणाला तरी विचारा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. माल थोडासाच असतो, मजुरी आणि घासाई हाच खरा खर्च आहे.

कामावरच्या माणसांच्या जिवाचेही बघा. रेझिनबरोबर दोन लहान डबे येतात, एक कोबाल्टचा आणि एक हार्डनरचा. हे दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे आणि काम सुरू करण्याच्या वेळी त्यात हार्डनर घालायचे, साधारण एक ते दोन टक्के. कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन मिळाले तर उत्तम. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. घासताना उडणारी काचेची धूळ छातीत जाते, तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क द्या. उरलेले रेझिन डब्यात ठेवले की तापून धुमसते, ते वाळूवर पसरून टाका. आणि काम चालू असताना आसपास बिडी नको.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी, तुम्हाला वेगळे सांगायचे आहे. बांधकामात पाया भरताना जो बघत नाही, तो नंतर भिंतीला टेकून काही शोधू शकत नाही. इथे तसेच आहे. वासा उघडा असताना एकदा आणि नवी पट्टी बसवून वरचे थर चढवायच्या आधी एकदा, अशी दोनदा पाहणी करा. फोटो काढायचा तो तेव्हा काढा. रंगवल्यावरचा फोटो कुणालाही काढता येतो. पैशाचा मोठा हप्ता या पाहणीनंतरच द्या. जडवस्तू नोंदवहीत होडीची नुसती संख्या न लिहिता कोणता वासा कधी उघडला, आत काय निघाले, काय भरले, हे लिहून ठेवा. पुढच्या कार्यकारिणीला ते उपयोगी पडेल. जलाशयावर भाडे घेऊन माणसे नेणाऱ्या यांत्रिक होड्यांना तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासणी आहेच. गावच्या पुराच्या होडीत बसणाऱ्या बाया-पोरांचा जीव त्यांच्यापेक्षा स्वस्त नाही.

काही होड्या दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या असतात. वाशांबरोबर तळाचा पत्राही थरांत सुटला असेल, ठोकल्यावर सगळीकडे बसका आवाज येत असेल, तर तिच्यावर खर्च करू नका. निर्लेखनाचा ठराव करा आणि नवीची मागणी करा. पण एक करा, ती मोडीत काढलेली होडी गावात पाण्याजवळ ठेवू नका. पूर आला की घाबरलेली माणसे जे दिसेल त्यात बसतात.

दुरुस्त झालेली होडी आठवडाभर वाळू द्या, मग उथळ पाण्यात तपासा. जितकी माणसे न्यायची तितकी, प्रत्येकी पंचाहत्तर किलो धरून, वाळूची पोती भरा. काठ पाण्यापासून किती वर राहतो ते मोजा, इंजिन लावून चालवा आणि वासे व फळी पुन्हा बघा. जेवढ्या पोत्यांना होडी बिनधोक राहिली तेवढाच आकडा दोन्ही बाजूंना ठळक रंगवा. रंगाचा डबा वापरायचा तो यासाठी.

आणि मग ठेवायची कशी? शक्य तर पालथी, नाहीतर एका बाजूला कलती, तळाचे बूच काढून, पत्र्याच्या शेडखाली. ताडपत्री टाकली तर आत हवा खेळेल अशी, घट्ट गुंडाळून नव्हे. फळी बसवायला नवा स्क्रू मारायचा झाला तर आधी मोठे भोक पाडून ते रेझिनच्या लगद्याने भरा, आणि वाळल्यावर त्या भरीत बारीक भोक पाडून स्क्रू बसवा, म्हणजे पाण्याला लाकडापर्यंत वाट राहत नाही. होडीत कडबा ठेवू नका, कोंबड्या डालू नका, जनावरांना पाणी पाजायचे टाके म्हणून तर तिचा मुळीच वापर करू नका. चार गावे फिरून बघितली तर यातले निदान एक तरी कुठे ना कुठे चाललेले दिसेल. या आठवड्यात आपापल्या गावच्या होडीजवळ जा, पावसाचे पाणी साठले असेल तर बूच काढून ते सोडून द्या, आणि मग ठोकायला घ्या.